राजहंसगड आठ बिटांत: मजकूर आणि हलगी

येळ्ळूरच्या राजहंसगडावरचा हा गेम ६५०२ या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत आहे. बेळगाव-निपाणीकडे जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेम (निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलच्या नकला, म्हणजे क्लोन) अजून माळ्यावर सापडतात, त्यांवर तो चालायला हवा.

मेनू मराठी आणि कन्नड. बॅकग्राउंडला एका वेळी २५६ टाइल्स (८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे), म्हणजे जागेची मारामार. पण टाइलच्या १६ बाइट्स हे ८-८ बाइट्सचे दोन थर असतात. पहिल्या थरात मराठी ओळ, दुसऱ्यात त्याच जागेवरची कन्नड ओळ. पिक्सेल फक्त पहिल्या थरात असला तर रंग १, फक्त दुसऱ्यात तर २, दोन्हींत तर ३. पॅलेटमध्ये (रंगांच्या यादीत) रंग १ आणि ३ पांढरे, २ काळा ठेवला की मराठी दिसतं. २ आणि ३ पांढरे, १ काळा केला की कन्नड. भाषा बदलायला दोन बाइट्स पुरतात! अक्षर १६ पिक्सेल उंच: वर वेलांटी-मात्रेला ४ ओळी, मग शिरोरेषा. ती टाइलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग हवी, एक पिक्सेल सुटला तरी शब्द दातपडका दिसतो. पॅलेट १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीला लागतो, म्हणून एकाच ओळीत दोन्ही भाषा असतील तर दुसरीचा शब्द सम रकान्यातच सुरू करा.

संवादांना ही युक्ती चालत नाही. तिथे नेमटेबलच (कुठे कोणती टाइल याचा तक्ता) लिहावं लागतं, ओळीला ६४ बाइट्स, आणि घोळ इथेच होतो. एम्युलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) पाल या टीव्ही पद्धतीवर असला की व्हीब्लँक (पडदा रंगवण्यातला मोकळा वेळ, लिहायचं ते यातच) टीव्हीच्या ७० ओळींचा मिळतो, सगळं सुरळीत. पालच्या टीव्हीसाठी बनलेल्या बऱ्याच क्लोन बोर्डांत मात्र एनएमआय (हा मोकळा वेळ सुरू झाल्याचा इशारा) २९१व्या ओळीला येतो. हाती २० ओळी, प्रोसेसरच्या साधारण २२७० सायकल. त्यातल्या ५१३ स्प्राइट्सचा (हलत्या चित्रांचा) डीएमए, म्हणजे त्यांची माहिती थेट पाठवणं, खातो. लूप उलगडून बाइटला ८ सायकल धरल्या तरी संवादाच्या तीन ओळींनंतर पॅलेट आणि स्क्रोलला जेमतेम २२० उरतात. दोनच ओळी लिहा. वेळ उलटली की पडदा उडी मारतो. मेसेन एम्युलेटरमध्ये रीजन डेंडी (अशा क्लोनची वेळ पाळणारा) ठेवूनच तपासा.

हलगीची बारीक काडी आवाजाच्या नॉइज चॅनेलवर छान उठते. जाड ठोक्याला ट्रायँगल चॅनेलचा सूर चार फ्रेममध्ये खाली ओढला. ट्रायँगलला आवाज कमी-जास्त करायची सोय नाही, म्हणून ठोका तोडूनच थांबवावा लागतो. खरी हलगी डीपीसीएममध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे सँपल, वाजवणाऱ्या चॅनेलमध्ये) घालायचा मोह टाळलेला बरा: मूळ एनटीएससी (पालहून वेगळ्या टीव्ही पद्धतीच्या) चिपमध्ये सँपल वाजताना कंट्रोलरचं वाचन बिघडतं, उजवं बटण आपोआप दाबल्यासारखं होतं. घालायचीच असेल तर लागोपाठ दोन वाचनं जुळेपर्यंत वाचत राहा.

काही क्लोनमध्ये पल्स चॅनेलच्या २५ आणि ५० टक्के ड्युटीची (लहर किती वेळ वर राहते त्या प्रमाणाची) अदलाबदल झालेली असते, म्हणून सनई १२.५ टक्क्यांवर ठेवली आहे.