दोन वजनं नकोत: डिचोलीतल्या आमच्या वाइंडिंगच्या वर्कशॉपची वाटचाल

जून लागला की आमच्याकडे ओल्या मोटरी यायला लागतात. कुळागरातला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतला माणूस पिकअपमधून एक एचपीचा मोनोब्लॉक पंप उतरवतो आणि दारातूनच सांगतो, "वयनी, मोटर जळ्ळी." मिस्टर काही बोलत नाहीत, आधी वास घेतात. जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो आणि अशा दहातल्या दोन-तीन मोटरींना तो वास नसतोच. मग मेगर लावतात, म्हणजे वाइंडिंगचं, मोटरीतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांचं, इन्सुलेशन मोजायचं यंत्र, सुई एक मेगओहमच्याही खाली. म्हणजे वाइंडिंग जळलेलं नाही, पावसाळी हवेने ओल धरलीय, गोव्याची हवा कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. मोटर खोलायची, स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागात, 200 वॉटचा बल्ब सोडायचा, वरून पत्र्याचा डबा झाकायचा आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. तिसऱ्या दिवशी मेगर लावला की सुई वर वर चढत 50 च्या पलीकडे जाते, मला आजही ते बघायला आवडतं. वार्निशचा एक हात, बेअरिंगला ग्रीस, झालं काम.

आता याचं बिल आणि पूर्ण रिवाइंडिंगचं बिल यात चार-पाच पटीचा फरक असतो. गिऱ्हाईक स्वतःच म्हणालंय की मोटर जळली, त्याला आत काय आहे ते कळत नाही, आणि दोन दिवसांनी चालू मोटर मिळाली की तो खुशीने पैसे देऊन जाणार. खरं काय ते आम्हा दोघांना माहीत असतं आणि प्रभूला. मी वर्कशॉपचं बिलबुक सांभाळते, गेली वीस वर्षं, आणि मला विचाराल तर माझा विश्वास खरा की खोटा हे रविवारच्या उपासनेत नाही ठरत, सोमवारी त्या बिलबुकात ठरतं. म्हणून आमची वाटचाल लिहायची तर मला बिलांपासूनच लिहावी लागेल.

थोडं आमच्याबद्दल. आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मिशनचं काम 1831 पासूनचं, माझ्या आजीच्या तोंडात रेव्हरंड टिळकांची भजनं असायची आणि ती टाळ घेऊनच म्हणायची. मिस्टर आयटीआय करून 1998 ला गोव्यात आले, म्हापशाला एका वर्कशॉपमध्ये वाइंडर म्हणून लागले, लग्नानंतर मी आले, आणि 2004 ला डिचोलीत एक गाळा भाड्याने घेऊन स्वतःचं सुरू केलं. सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं, ख्रिस्ती आणि घरात मराठी? आडनाव पण असं? इथे ख्रिस्ती म्हटलं की कोकणी बोलणारे कॅथलिक हेच डोळ्यासमोर येतं, त्यात त्यांची काही चूक नाही. मी मग सांगायचे की बाबांनो, फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 ला इथेच राशोलला छापलं गेलं, जवळजवळ 11 हजार ओव्या. म्हणजे मराठीतून येशूची कथा सांगायला नगरच्या आधी गोव्याने सुरुवात केली, आम्ही कुठे परके. हे सांगितलं की समोरचा हसायचा आणि चहा मागवायचा.

पहिली काही वर्षं फार चांगली गेली. तेव्हा लोखंडाच्या खनिजाच्या खाणी जोरात होत्या, चीनला माल जात होता, डिचोलीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नव्हती आणि धूळ तर विचारू नका. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायचे मोठे पंप, क्रशरच्या मोटरी, कन्व्हेयरच्या मोटरी, सगळं यायचं. तीन कामगार होते, मी घरी मुलाला झोपवून रात्री कॉइल ओढायला बसायचे. मला तारेचं गेज (जाडी), टर्न (वेढे) सगळं मिस्टरांनीच शिकवलं.

आणि याच चांगल्या दिवसांतली आमची एक चूक मला इथे लिहायचीय. जुनं वाइंडिंग काढलं की जळकं तांबं निघतं, एक एचपीच्या मोटरीतून किलोच्या आसपास. ते तांबं गिऱ्हाइकाचं असतं, त्याच्याच मोटरीतलं. या धंद्यात पद्धत अशी की वर्कशॉपवाला ते ठेवून घेतो, किंवा कुणी विचारलंच तर बिलातून थोडे पैसे कमी करतो. आम्ही कमी करायचो पण वजन करताना वार्निश जळलं, कागद जळला म्हणून दोनशे ग्रॅम सोडून द्यायचो. भंगारवाल्याला विकताना मात्र काट्यावर पूर्ण वजन घ्यायचो. कधी मनात पण आलं नव्हतं की यात काही वावगं आहे, सगळेच करतात. मग 2009 च्या पावसाळ्यात एका रात्री घरच्या प्रार्थनेत बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 25 वा अध्याय वाचायला आला, तिथे आहे की तुझ्या पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नकोस, एक मोठं आणि एक लहान. मिस्टर वाचता वाचता थांबले. मी पण वर बघितलं नाही. पुढे मुलानेच वाचून संपवलं, त्याला तेव्हा नुकतं वाचायला यायला लागलं होतं आणि त्याला कळेना की आईबाबा गप्प का झाले.

दुसऱ्या दिवसापासून जळकं तांबं गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायचं, जो आकडा येईल तो बिलावर लिहायचा आणि त्या दिवसाच्या भंगारच्या भावाने पैसे वजा करायचे, किंवा त्याला तांबं हवं तर पिशवीत भरून द्यायचं, असं सुरू केलं. महिन्याला सात-आठ हजार रुपये सरळ कमी झाले. मी हिशेब करायचे तेव्हा ते टोचायचं, खोटं कशाला बोलू. जुनी गिऱ्हाइकं परत आली तेव्हा काहींना मिस्टरांनी स्वतःहून सांगितलं की मागच्या वेळी आम्ही तुमचं कमी धरलं होतं. एकजण भडकला आणि परत कधी आला नाही. एका भटजींनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांच्या मोटरी आमच्याकडे पाठवल्या.

मग आलं 2012. सप्टेंबरमध्ये, चवथ (गणेश चतुर्थी) अगदी तोंडावर असताना, राज्य सरकारने खाणी बंद केल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ज्याने ते दिवस डिचोली-साखळी भागात काढले नाहीत त्याला समजावणं कठीण आहे. ट्रक अंगणात उभे, टायरखाली गवत उगवलेलं, गॅरेजवाले, टायरवाले, चहाचे गाडे, सगळं एकदम थंड. आमचं निम्म्याहून जास्त काम खाणीचं होतं, ते तर गेलंच आणि जुन्या बिलांचे पैसेपण अडकले. माझ्या पाटल्या सोसायटीत गहाण गेल्या.

त्याच वर्षाअखेर एक कंत्राटदार आला, माणूस ओळखीचा. एका मोठ्या जागेच्या पंपांचं वर्षभराचं मेंटेनन्स त्याच्या हातात होतं. तो म्हणाला काम सगळं तुम्हाला देतो, फक्त दहाचं काम झालं की बिल पंधराचं करायचं, वरचे पाच माझे. मिस्टरांनी दोन दिवस मागून घेतले. मी तुम्हाला खरं सांगते, त्या दोन रात्री मीच त्यांना म्हणत होते की घेऊया, आपण कुठे खातोय, पाच तर तोच नेणार. घरभाडं थकलं होतं, शाळेची फी होती. ते मला उलट काही बोलले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की पंधरा आकडा तू लिहिणार आहेस, तुझ्या हाताने, लिहिता येईल का बघ. मी बिलबुक समोर घेऊन बसले पण. नाही लिहिता आलं.

काम गेलं. आणि इथे मला एक सांगायचंय कारण आपल्याकडे साक्ष देताना लोक पुढचं फार छान करून सांगतात, नाही म्हटलं आणि आठ दिवसांत देवाने दुप्पट दिलं वगैरे. कुणाला दिलंही असेल, आमच्या बाबतीत तसं झालं नाही. पुढचं दीड वर्ष आम्ही खूप ओढाताणीत काढलं. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला दिला की बरकत येते असं सांगणारे पाळकही भेटले, मला ते पटत नाही. आम्ही दशमांश काढतो, तेव्हाही काढला, पण देवाशी केलेला तो काही व्यवहार नाही.

त्या दिवसांतला एक शनिवार मला लख्ख आठवतो. आमच्याकडे पगार शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, हा पहिल्यापासूनचा नियम, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही हे बायबलच्या लेवीय या पुस्तकातच आहे आणि याकोबाच्या पत्रात तर अडकवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. त्या दिवशी तिघांचे मिळून 9,000 द्यायचे होते आणि गल्ल्यात 3,400. चार वाजता आम्ही दोघं मागच्या खोलीत, वार्निशच्या डब्यांच्या मध्ये, गुडघ्यावर बसलो. पाचच्या सुमाराला मयेचा एक बागायतदार आला, सहा महिन्यांपूर्वीचे 2,200 द्यायला, आम्ही ते विसरूनही गेलो होतो. झाले 5,600. मग मला वाटलं आता अजून कुणीतरी येणार, देव पूर्ण करणार. मी दाराकडे बघत बसले. सात वाजले, कुणी आलं नाही.

मिस्टरांनी तिघांना बोलावलं, गल्ला उघडून दाखवला आणि सांगितलं की एवढेच आहेत, माफ करा. सत्तरी तालुक्यातला मुलगा होता एक, एकवीस-बावीस वर्षांचा, तो म्हणाला, "पात्रांव (मालक), माझे सोमवारी द्या, या दोघांना पोरं आहेत." त्याने स्वतःच्या हाताने त्या दोघांचे मोजून दिले. उरलेले आम्ही सोमवारी नाही, बुधवारी दिले. ही साक्ष मी उपासनेत कधी दिली नव्हती कारण आकडा जुळत नाही. पण प्रभू त्या दिवशी तिथे होता यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. मी दाराकडे डोळे लावून बसले होते आणि तो आधीच आत, त्या पोराच्या शेजारी उभा होता.

नंतर हळूहळू काम बदललं. खाणीच्या मोठ्या मोटरी गेल्या आणि कुळागरांचे पंप, घरगुती पंप, बोअरवेलचे सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीची मोटर, असं छोटं छोटं काम वाढलं. तांब्याचा हिशेब समोर दाखवतात म्हणून लोक पेडण्याहूनसुद्धा मोटर घेऊन यायला लागले. पाटल्या 2015 ला सुटल्या. मार्च 2018 ला खाणी परत बंद झाल्या तेव्हा डिचोलीत परत तीच कळा आली, आमच्या शेजारच्या दोन गाळ्यांना कुलूप लागलं, आमचं मात्र त्या वेळी खाणीवर फारसं काही उरलंच नव्हतं. लॉकडाऊनमध्ये तर पाण्याचे पंप सगळ्यांनाच हवे होते.

रविवारी आम्ही बंद ठेवतो. यावरून फार ऐकून घ्यावं लागलंय कारण गोव्यात रविवारीच लोक घरी असतात आणि तेव्हाच त्यांना मोटर आठवते. पण आमचं ठरलंय, सकाळी उपासना, दुपारी घरचं जेवण, संध्याकाळी कुणाकडे आजारपण असेल तर भेट. एकदा मात्र असं झालं की चवथीच्या आदल्या दिवशी रविवार आला. रात्री नऊला फोन, घरात पस्तीस माणसं गोळा झालेली, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधून झालेली, उद्या पहाटे गणपती बसणार आणि विहिरीचा पंप बंद. म्हातारी आजी फोनवर रडत होती. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने काय विचारलंय, शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही लगेच वर काढणार नाही का, इथे तर सरळ विहिरीचाच पंप आहे. दोघं गेलो, मी टॉर्च धरला. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता आणि कपॅसिटर गेला होता, दोन तासांचं काम. कपॅसिटरचे तेवढे पैसे घेतले. आजींनी निघताना डबा दिला, नेवऱ्या (करंज्या) होत्या, आणि वर म्हणाल्या की तुमच्या देवाक सांग म्हजें, म्हणजे तुमच्या देवाला माझंही सांग. मी घरी येऊन सांगितलं पण.

आता मुलगा वर्कशॉपमध्ये बसतो. परवा त्याने विचारलं की बाजारात सगळे ॲल्युमिनियम वायर भरून स्वस्तात मोटर देतात, आपण का नाही. प्रश्न बरोबर आहे, तांब्याचा भाव बघता गरीब माणसाला परवडत नाही. आम्ही म्हटलं भर, काही हरकत नाही, पण बिलावर ॲल्युमिनियम असं स्पष्ट लिही, आणि मोटर जास्त तापेल, तांब्याएवढी टिकणार नाही हे तोंडाने पण सांग. त्याने गेल्या आठवड्यात पहिलं तसं बिल केलं, मी मागून जाऊन बघितलं, ॲल्युमिनियम शब्द त्याने दोनदा अधोरेखित केला होता आणि खाली जुन्या तांब्याचं वजन लिहिलं होतं, 1 किलो 40 ग्रॅम. तो 40 पण सोडला नव्हता.

सध्या टेबलावर तीन मोटरी बल्बखाली वाळताहेत, बाहेर पाऊस धरलाय. सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आम्ही असतो. रविवारी बंद, पण तुमचा बैल विहिरीत पडला असेल तर फोन करा.