ओला फोन आणि "चालू होतोय का बघू"

गेल्या जुलैत एका संध्याकाळी बाबा सारसबागेतून फिरून घरी येत होते. पुण्याचा पाऊस माहितीये ना, आधी नुसती भुरभुर आणि टिळक रोडला लागेपर्यंत धो धो, छत्री होती पण वाऱ्यापुढे छत्री काय करणार. फोन सदऱ्याच्या खिशात, त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, हा त्यांचा दरवर्षीचा पावसाळी बंदोबस्त. झालं असं की पिशवीचं तोंड नीट बंद नव्हतं, पाणी आत गेलं आणि बाहेर येईना, म्हणजे घरी येईपर्यंत फोन त्या पिशवीतल्या पाण्यातच बसून होता.

पुढे आम्ही काय केलं ते सगळं सांगते, कारण बहुतेक घरांत अगदी हेच होतं आणि तेच थांबावं म्हणून हे लिहितेय.

घरी आल्यावर फोन चालू होता. स्क्रीन लागली, बाबांना हायसं वाटलं, त्यांनी त्याच फोनवरून मला कॉल केला की पोचलो गं, काळजी करू नकोस. आवाज घरघरत होता. भाच्यानं फोन टॉवेलनं पुसला, बॅटरी कमी दिसली म्हणून चार्जिंगला लावला, दहा मिनिटांत फोन गरम झाला आणि बंद पडला. मग सुरू झालं "चालू होतोय का बघू". भाच्यानं बघितलं, ताईनं बघितलं, मी पोचल्यावर मी बघितलं, दर पाच मिनिटांनी कोणीतरी ते बटण दाबून धरतंय. मग शेजारच्या काकू म्हणाल्या तांदळात ठेवा, म्हणून इंद्रायणीच्या डब्यात खुपसला, आणि सकाळी बाहेर काढून परत चार्जर. काहीच नाही. पूर्ण डेड.

त्या फोनमध्ये आईचे व्हॉइस मेसेज होते. आई जाऊन तीन वर्षं झालीयेत. मेसेज काही खास नाहीत, येताना कढीपत्ता आणा, गॅसवाला येऊन गेला, एवढंच, पण बाबा रात्री झोपताना त्यातला एखादा लावतात हे मला माहिती होतं. फोटोंचा बॅकअप होता, या मेसेजचा कोणीच घेतला नव्हता.

आधी एका सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी आतला एक छोटा स्टिकर बघितला, तो पांढरा असतो आणि पाणी लागलं की लाल होतो, तो लाल झालेला. लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलावा लागेल आणि डेटा जाईल, दोन मिनिटांत विषय संपला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते फोन खिशात घालून बाहेर आले. मला ते बघवेना.

मग कोणीतरी तापकीर गल्ली सुचवली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या जवळ, वायर, दिवे, स्पीकर, सर्किटचे सुटे भाग, सगळ्याची दुकानं एकमेकांना चिकटून. तिथे एका जिन्याखाली बसणाऱ्या दादांनी फोन उघडला, बोर्डवरचे पत्र्याचे शील्ड काढले आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून म्हणाले, "ताई, या, तुम्हीच बघा." चार्जिंगच्या कनेक्टरपाशी हिरवट-निळा थर चढलेला आणि पोर्टमध्ये तांदळाची पिठी पाण्यानं भिजून घट्ट बसलेली. आणि मग ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही, "पाण्यानं नाही गेला हा. चार्जरनं गेला."

मी त्यांना खूप प्रश्न विचारले, नंतर स्वतःही बरंच वाचलं, आणि जे समजलं ते असं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. वीज वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि आपलं कुठलंच पाणी तेवढं शुद्ध नसतं, नळाचं नाही, रस्त्यावरून उडणारं तर नाहीच, आणि वाघोली-उंड्रीकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं त्यात तर क्षार आणखी जास्त. आता असं ओलं बोर्ड, आणि त्याला बॅटरी जोडलेली. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर कळकतं ना, ते व्हायला काही तास लागतात. इथे मात्र वीज त्या कामाला जोर देते, पॉझिटिव्ह बाजूचं तांबं पाण्यात विरघळतं आणि निगेटिव्ह बाजूला जाऊन बसतं, म्हणजे मुलामा द्यायची जी पद्धत तीच, फक्त नको तिथे. बोर्डवरच्या रेघा केसापेक्षा बारीक, त्या तुटतात, नाहीतर दोन रेघांच्या मधे धातूचे तंतू वाढून शॉर्ट होतो. नुसता ओला आणि बंद असलेला फोन बराच वेळ तग धरू शकतो. ओला आणि चालू फोन मिनिटामिनिटाला झिजत असतो. आपण बटण दाबून "बघतो" तेव्हा बोर्डमध्ये वीज खेळवतो, आणि चार्जर लावतो तेव्हा तर बाहेरून आणखी वीज आणून ओततो.

म्हणून फोन भिजला की पहिलं काम, तो चालू असला तरी बंद करा, खरं तर चालू असेल तर जास्तच घाईनं बंद करा. कोणाला कळवायचंय तर दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. आधीच बंद पडला असेल तर बंदच राहू द्या, एकदाही बघू नका, खरंच एकदाही नाही. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, सिम पुसून कुठल्यातरी जुन्या फोनमध्ये घाला म्हणजे ओटीपी आणि कॉल अडत नाहीत आणि मुख्य म्हणजे ओल्या फोनला हात लावायची घाई राहत नाही. ही घाई सगळ्यात वाईट. चार्जिंगचं तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटा, जेवढं निथळेल तेवढं निथळू द्या. जोरात झटकू नका, त्यानं पाणी कोरड्या भागात जातं. पोर्टमध्ये कापसाची काडी, टूथपिक, टिश्यू काहीही घालू नका. हेअर ड्रायर नको, कारण वारा पाणी आत ढकलतो आणि उष्णतेनं स्क्रीनचा गोंद सुटतो, बॅटरीलाही ती बरी नाही. उन्हात नको, तव्यापाशी तर नकोच. पंख्याखाली उभा करून ठेवा आणि दोन दिवस विसरा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी दमट की दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, तर फोनच्या आतलं पाणी एका रात्रीत कसं वाळेल. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत ठेवा.

तांदळाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. आतलं पाणी शील्डखाली, चिपच्या खाली अडकलेलं असतं, ते वाफ होऊनच बाहेर येणार, त्याला हलती हवा लागते, आणि आपण फोन डब्यात घालून झाकण लावतो म्हणजे असलेली हवासुद्धा बंद करतो. वर तांदळाची पिठी पोर्टमध्ये जाते ती वेगळीच. २०२४ च्या सुरुवातीला अ‍ॅपलनंसुद्धा आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, त्याच्या बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या जमवून ठेवल्या तर उपयोग होतो, पण पंखा त्याहून बरा.

आणि "माझा वॉटरप्रूफ आहे" म्हणणाऱ्यांसाठी. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आयपी६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. ही चाचणी साध्या स्वच्छ स्थिर पाण्यात आणि नव्या फोनवर होते. साबणाचं पाणी, समुद्राचं पाणी, गरम शॉवर यांचा त्यात विचार नाही, आणि फोन दोनदा पडला किंवा एकदा उघडून स्क्रीन बदलली की आतलं रबर आणि गोंद पहिल्यासारखे राहतीलच असं नाही. कोकणात गेलात आणि फोन लाटेत पडला तर आधी बंद करा, मग साध्या पाण्यानं खारं पाणी काढावं लागतं, आणि असा फोन दुकानात उघडून साफ करून घेतलेलाच बरा, मीठ आत वाळून बसलं की ते हवेतला ओलावा धरून खात राहतं.

चहाचंही तेच. दिवाळीच्या आधी माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला, आणि यावेळी मी विचार न करता चार्जर उपटला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, लॅपटॉप उघडाच ठेवून उलटा, तंबूसारखा, टेबलाच्या कडेवर उभा केला. तीन दिवस हात लावला नाही, ऑफिसला कळवलं. पण चहात दूध आणि साखर, पाणी उडून गेलं तरी चिकटा राहतो, म्हणून नुसतं वाळवून भागत नाही, उघडून ९९ टक्क्यांच्या आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवावं लागतं. (घरातला सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनसुद्धा.) त्याच दादांकडे नेला. दोन बटणं गेली, बाकी सगळं चाललं, हे लिहितेय त्याच्यावरच.

हे सगळं बॅटरीवरच्या वस्तूंचं. भिंतीतल्या विजेचं फार वेगळं आहे आणि तिथे वस्तू नाही, माणूस वाचवायचाय. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी शिरलं, आणि त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण शॉक लागून गेले. पाणी चढतंय असं दिसलं तर कोरड्यात उभं राहून मेन बंद करा. पाण्यात उभे असाल तर मेनला हात लावू नका, महावितरणला फोन करा. भिजलेला फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर वरून वाळलेला दिसतो, आत मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल असते, इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय प्लग लावू नका. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच, नसेल तर या पावसाळ्याच्या आधी बसवून घ्या, प्लीज.

बाबांच्या फोनचं सांगायचं राहिलं. आताच्या फोनमधली मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी काही वाचता येत नाही, डेटा एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डच्या प्रोसेसरशी बांधलेली असते, म्हणजे डेटा हवा तर तेच बोर्ड जिवंत करावं लागतं. दादांनी ते अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतलं, शॉर्ट झालेला एक कपॅसिटर काढला आणि चौथ्या दिवशी फोन चालू झाला. कॅमेरा नाही, स्पीकर नाही, पण स्क्रीन लागली. मी तिथेच स्टुलावर बसून सगळे मेसेज कॉपी केले, दोन ठिकाणी, मग घरी येऊन तिसऱ्या ठिकाणी.

त्याच पावसात बाबांचं कानाचं मशीनही भिजलं होतं आणि आमचं कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. बाबांनी ते घरी आल्या आल्या काढलं, सेलचं दार उघडून सेल बाहेर काढला आणि मशीन वर्तमानपत्रावर ठेवून दिलं, ऑडिओलॉजिस्टनं त्यांना पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. ते सेल झिंक-एअरचे असतात, हवा आत घेऊनच चालतात, ओल बसली की छिद्रं बंद होतात, त्यामुळे तो सेल टाकून दिला, मशीनला काही झालं नाही. आता सिलिका जेलची डबी आणलीये, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. बाबा रोज रात्री आधी आईचा एक मेसेज ऐकतात, मग मशीन काढून डबीत ठेवतात, आणि त्यानंतर त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही म्हणून मी त्यांच्याकडे जाताना किल्ली घेऊन जाते.