दशमांशाची वही

आमच्या घरात दशमांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याची, वेगळी वही आहे. मी चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, हात त्याच वळणाचा. पगार झाला की दहावा हिस्सा पाकिटात, तारीख वहीत. एकही महिना चुकला नाही. महागाई भत्त्याच्या फरकाचासुद्धा दिलाय. (लिहिताना अजून छाती फुगते, बघा.)

परवा उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधलं लूक १८ वाचलं. परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, देवाला ऐकवतो: आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशमांश देतो. लोक ज्याला पापी समजत तो जकातदार लांब उभा, वर बघायचीही हिंमत नाही, ऊर बडवत फक्त दया मागतो. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. मी मनात म्हणालो, बरं झालं, आपण त्या परुश्यासारखे नाही. आणि जीभ चावली.

विहिरीच्या वाट्यावरून धाकट्या भावाशी सहा वर्षं बोललो नव्हतो. वहीत त्याचा रकाना नाही.

माणूस स्वतःच्या बळावर नीतीने जगू शकतो, असं जुन्या काळातला ख्रिस्ती शिक्षक पेलागियस मानायचा. देवाच्या कृपेशिवाय ते शक्य नाही, म्हणत बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. मला मात्र पेलागियस जवळचा वाटतो. त्याच्याकडे हिशेब जुळतो. कृपा म्हणजे न कमावलेली रक्कम खात्यात जमा. काउंटरवर असं झालं की आम्ही आधी चूक शोधायचो.

संध्याकाळी भावाला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहूनही ठेवलं होतं. त्याने उचलला आणि म्हणाला, "दादा, जेवलास का?"