ऐबारच्या पिस्तुलाचं मॅगझीन

घरात जुनं विदेशी पिस्तूल आहे, परवाना व्यवस्थित आहे, पण एखादा भाग तुटला म्हणून ते कपाटात पडून आहे, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अशी पिस्तुलं अजून बरीच निघतील. आधीच सांगून टाकते, जो दुकानदार लेखी काही द्यायला तयार नाही, त्याच्या काउंटरवर पिस्तूल पर्समधून बाहेर काढूसुद्धा नका.

बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, तो भाग सुरळीत पार पडला. आईने आणि दादाने ना-हरकत लिहून दिली, पोलीस पडताळणी झाली, काम झालं. एवढंच सांगते की २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे यासाठी वडील जाण्याची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर वारसाला देता येतं. ज्यांचे वडील आहेत त्यांनी त्यांच्या हयातीतच करून घ्यावं, सही करणारा माणूस समोर असतो.

पिस्तूल आजोबांनी संस्थानी काळात कोणाकडून तरी जुनंच घेतलेलं. भारी वगैरे काही नाही, त्या काळीही ते स्वस्तातलंच होतं. स्पेनच्या बास्क भागात ऐबार नावाचं गाव आहे, तिथल्या लहान लहान कारखान्यांतून बेल्जियमच्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या नकला निघत, हे त्यातलं एक. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा १९१५पासून ‘रूबी’ नावाचा नमुना तिथून लाखोंनी गेला. ज्या कंपनीला काम मिळालं तिला एवढा माल झेपेना, म्हणून तिने ते इतर कारखान्यांत वाटून टाकलं. माझ्या सगळ्या डोकेदुखीचं मूळ तिथे आहे. प्रत्येक कारखान्याने आपल्या मापाने, हाताने कानस मारून भाग बसवले. बाहेरून सगळी पिस्तुलं सारखी, पण एकाचं मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, दुसऱ्यात जाईलच असं नाही, आणि गेलंच तर ते अडकवून ठेवणारा खटका ते धरीलच असंही नाही. आमच्या पिस्तुलाची फायरिंग पिन, गोळीवर आपटून ती उडवणारी, तुटलेली होती आणि मॅगझीन घर बदलताना कधीतरी हरवलेलं.

‘कंपनीला लिहून बघा’ असं सांगणारे बरेच भेटतील. १९३६ ते १९३९च्या यादवीनंतर स्पेनमध्ये पिस्तुलं बनवायची परवानगी तीनच कंपन्यांना उरली, अ‍ॅस्ट्रा, स्टार आणि लामा. आमची कंपनी त्यात नव्हती.

आता खरी कहाणी. शहरातल्या पहिल्या गन हाउसमध्ये मी ह्यांना बरोबर घेऊन गेले, ती चूक नव्हती पण त्रास नक्की होता, कारण परवाना माझा, पिस्तूल माझं, आणि मालक सगळी उत्तरं ह्यांच्याकडे बघून देत होते. ह्यांना पिस्तुलातलं ओ की ठो कळत नाही. मालकांनी पिस्तूल हातात घेऊन म्हटलं, “हो जाएगा भाईसाहब, छोड़ जाइए.” मी पावती मागितली. “अरे पावती किसलिए, घर की बात है.” मी पिस्तूल परत पर्समध्ये टाकलं. घरकी बात म्हणे! उद्या त्यांच्या दुकानावर धाड पडली आणि माझं पिस्तूल तिथे बिनकागदाचं निघालं, तर घर कोणाचं जाणार होतं?

दुसऱ्या दुकानातल्या मुलाने सांगितलं की पिन काय, मॅगझीन काय, इंडस्ट्रियल एरियातला खरादवाला, म्हणजे लेथवाला, बसल्या बसल्या करून देईल. करूनही देईल, ग्वाल्हेर आणि चंबळ भागात हाताला असं कसब असलेली माणसं कमी नाहीत. पण शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात, आणि पाचव्या कलमाप्रमाणे बनवणं, विकणं आणि दुरुस्त करणं, तिन्हीला वेगळा परवाना लागतो. कायद्यात २०१९ला झालेल्या बदलानंतर बिनपरवाना हे करण्याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हे त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “मैडम, इतना कौन देखता है.”

तिसऱ्याने बिहारमधल्या मुंगेरचं नाव काढलं. मुंगेरच्या किल्ल्यात परवानाधारक बंदूक कारखाने आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी आशेने विचारलं, बिल येईल का? बिल येणार नव्हतं. माल ‘एका ओळखीच्याबरोबर’ येणार होता. चौथा म्हणाला, मॅगझीनशिवाय तुम्ही हे विकायला काढलं तर भंगाराच्या भावाने जाईल, त्यापेक्षा आत्ताच मला द्या. म्हणजे ज्याच्याकडे भाग मागायला गेले तोच मला तुटका भाग दाखवून भाव पाडत होता. ऐंशीच्या दशकात बाहेरून पिस्तुलं येणं बंद झालं, त्यामुळे जुन्या विदेशी मालाला इथे किंमत आहे हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मधेच आत्येभावाच्या मुलाने अमेरिकेहून फोटो पाठवला, हेच मॅगझीन, काही डॉलरमध्ये, आत्या, सुट्टीत येताना बॅगेत आणू का? आणू नकोस, असं मी त्याला दोनदा लिहून कळवलं. आयातीसाठी दहाव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. विमानतळावर पकडला गेला तर पोराचं करिअर संपेल, तेही आजोबांच्या स्वस्तातल्या पिस्तुलापायी. शिवाय ऐबारचं मॅगझीन फोटो बघून घेणं म्हणजे मापाशिवाय चप्पल मागवणं.

एक गोष्ट मात्र त्या फोटोने शिकवली. फ्रेंचांसाठी बनलेल्या पिस्तुलांवर फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या, डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी कारखान्याची दोन अक्षरं ठोकलेली असतात, आणि मॅगझीनच्या तळावरही. अक्षरं जुळली तर भाग बसायची निदान शक्यता. बाबांनी त्यावर काळा रंग मारलेला होता, तो रॉकेलने काढला तेव्हा अक्षरं दिसली. ती कागदावर उतरवली, पिस्तूल घरी कुलपात ठेवलं, आणि त्यानंतर नुसता कागद आणि परवान्याची झेरॉक्स घेऊन फिरले. हे आधी सुचलं असतं तर दुकानदारांची तोंडं कमी पाहावी लागली असती.

झाशी आम्हाला शंभरेक किलोमीटरवर, तिथे जुना मिस्त्री आहे असं कळलं होतं. पण माझ्या परवान्याची हद्द मध्य प्रदेश, झाशी उत्तर प्रदेशात. पिस्तूल घेऊन राज्याची सीमा ओलांडायची नाही, संपलं. तुमचा परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभराचा, हे आधी परवान्याच्या पुस्तिकेत बघा.

शेवटी भोपाळच्या एका दुकानात काम झालं. दुरुस्तीचा परवाना भिंतीवर लावलेला, मालक वयस्क, बोलणं कमी. कागदावरची अक्षरं बघून म्हणाले, स्टॉक रजिस्टरमध्ये याच कारखान्याचं एक निकामी पिस्तूल आहे, मॅगझीन त्याचं लावून बघू. पिन त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये होणार होती. पुढच्या खेपेला पिस्तूल नेलं, तर मी काही म्हणायच्या आत त्यांनी पावतीपुस्तक काढलं! पिस्तुलाचा नंबर, माझा परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), ‘दुरुस्तीसाठी जमा’, तारीख, शिक्का. मला इतकं हायसं वाटलं की त्यांनी दर किती सांगितला ते नीट ऐकलंच नाही. नंतर कळला. जास्तच होता, दिला.

मॅगझीन पहिल्या झटक्यात बसलं नाहीच. अक्षरं तीच असूनही खटका धरत नव्हता, आत जाऊन सुटून यायचं. त्यांच्या मिस्त्रीने ते हळूहळू बसवलं, त्यात वेळ गेला, आणि तेवढ्यात ९ ऑक्टोबर २०२३ला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमच्या भागातल्या पोलीस थान्यातून फोन: शस्त्र जमा करा. शस्त्र भोपाळला दुकानात आहे म्हटलं तर तिथल्या मुन्शीजींचा विश्वास बसेना, घरात ठेवून बहाणा करताय असा सूर. मी पावती पुढे केली. नंबर पुस्तिकेशी ताडून पाहिला, एक प्रत ठेवून घेतली, विषय बंद. पहिल्या दुकानात ‘घर की बात’ म्हणून सोडून आले असते तर त्या दिवशी काय दाखवलं असतं, सांगा.

मतदान १७ नोव्हेंबरला झालं, आचारसंहिता उठल्यावर पिस्तूल आणलं. टेस्ट करायची परवानगी त्यांच्या परवान्यात होती, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३२च्या गोळ्या त्यांनी माझ्यासमोर चालवल्या. मॅगझीनचं वेगळं बिल घ्या, त्यावर पिस्तुलाचा नंबर लिहून घ्या. आणि मिस्त्रीने मला, ह्यांना नव्हे, मला बजावलं की या जातीच्या पिस्तुलाच्या सेफ्टीवर विसंबायचं नाही, चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, कायम रिकामं ठेवायचं. विकून टाका असं दादा अजून म्हणतो. चालू वस्तू विकायची की ठेवायची हे मी निवांत ठरवीन.

एक राहिलंच. घरातला परवानाधारक नुकताच गेला असेल तर परवाना नावावर होईपर्यंत पिस्तूल कपाटात राहू देऊ नका. एकविसाव्या कलमाप्रमाणे ते थान्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं. दुकानात ठेवलंत तर त्याचं भाडं लागतं, ते महिन्याचं आहे की वर्षाचं, हे पावतीवरच लिहून घ्या.