पाऊस-आलेख, नोंद तिसरी : आलेख निघाले, पण गेले कुठे?

मंडळी, मागच्या वेळी पावसाच्या फाईली वाचून झाल्या इथपर्यंत आलो होतो. या दीड महिन्यात आलेख काढायचं आणि साठवायचं काम केलं. काढणं दोन दिवसांत झालं, बाकी सगळा वेळ साठवण्यात गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विदा, म्हणजे आकड्यांचा साठा, आहे भारतीय हवामान विभागाने पुण्यातून तयार केलेली रोजच्या पावसाची जाळी. पाव अंशावर एक बिंदू, १९०१ पासून दर वर्षाची एक फाईल. अक्षांश ६.५ ते ३८.५, रेखांश ६६.५ ते १००, म्हणजे १२९ गुणिले १३५ खाने. भारताची जमीन नसेल तिथे उणे ९९९. साध्या वर्षाची फाईल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची भरते आणि लीप वर्षाची त्याहून ६९,६६० बाइट जास्त. फाईल नीट उतरली की नाही, हे मी अजूनही याच आकड्यांवरून बघतो.

मला हवा आहे महाराष्ट्रातल्या प्रत्येक बिंदूचा, प्रत्येक वर्षाचा, १ जून ते ३० सप्टेंबर असा साठत जाणाऱ्या पावसाचा आलेख. निळी रेघ त्या वर्षाची, मागे राखाडी रेघ सगळ्या वर्षांच्या सरासरीची. मी आखलेल्या सीमेत ४१८ बिंदू बसले. १९०१ ते २०२३ ही १२३ वर्षं. गुणाकार ५१,४१४.

यंत्रं तीच : चार जीबी मेमरीचे चार रास्पबेरी पाय ४ (छोटे संगणक, यांनाच पुढे नोड म्हणतो), त्यांना जोडणारा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, आणि शेड्युलर, म्हणजे कामं वाटून देणारा, म्हणून एसएसडी घातलेला जुना लॅपटॉप. वरती डास्क, म्हणजे काम अनेक संगणकांवर वाटणारी पायथनची लायब्ररी; नोडवर तिचं काम करणारा प्रोग्रॅम तो वर्कर. चित्रं मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने.

जूनचा पहिला आठवडा

पहिली फेरी फक्त दहा बिंदूंची लावली. डास्कच्या डॅशबोर्डवर सगळ्या पट्ट्या हिरव्या, एकही चूक नाही. लॅपटॉपवरचा फोल्डर उघडला तर रिकामा.

कारण कळल्यावर साधं वाटतं, पण क्लस्टरवर, म्हणजे अशा जोडलेल्या संगणकांच्या संचावर, नव्याने येणारा प्रत्येक जण इथे अडतो, म्हणून सविस्तर लिहितो. चित्र जतन करणाऱ्या 'सेव्हफिग' या आज्ञेला मी 'आलेख' एवढंच फोल्डरचं नाव दिलं होतं. ती ओळ लॅपटॉपवर चालत नाही, वर्करवर चालते. त्यामुळे प्रत्येक नोडने आपापल्या एसडी कार्डावर 'आलेख' फोल्डर गाठला आणि तिथे चित्रं ठेवली. एकेका नोडवर जाऊन बघितलं तर दहा बिंदूंची चित्रं चार कार्डांवर वाटली गेलेली.

मग लॅपटॉपची डिस्क एनएफएसवर (नेटवर्कवरून दुसऱ्याची डिस्क वापरू देणारी सोय) सामायिक केली आणि चारही नोडवर एकाच मार्गावर जोडली. चित्रं आली. दुसऱ्या दिवशी तिसरा नोड रीस्टार्ट झाला, त्यावर डिस्क जोडली गेली नाही, आणि तरीही काम विनातक्रार चालू राहिलं! जोडणी नसली तरी त्या नावाचा रिकामा फोल्डर कार्डावर असतोच, आणि पायथनला त्यात लिहायला काहीच हरकत नसते. आता प्रत्येक वर्कर काम सुरू करण्याआधी तपासतो की हा मार्ग खरंच जोडलेली डिस्क आहे का आणि तिच्यावर मी ठेवलेली खुणेची फाईल दिसते का. दिसली नाही तर लगेच थांबतो. दोन ओळींची तपासणी आहे, पण मला ती सगळ्या संचातली सर्वात मोलाची वाटते.

जूनचा तिसरा आठवडा

हा आठवडा मी विसरणार नाही.

शंभर बिंदूंची फेरी पूर्ण झाली आणि चित्रं चाळत बसलो होतो. सोलापूरजवळच्या बिंदूचा एक आलेख समोर आला. तिथे चार महिन्यांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. या आलेखात निळी रेघ जुलै संपायच्या आतच २५०० च्या वर गेलेली. शीर्षक सोलापूरचं, खालचा अक्ष बरोबर, राखाडी रेघ बरोबर, आणि निळी रेघ सरळ सह्याद्रीच्या माथ्यावरची. पुढे बघितलं तर एका चित्रात दोन निळ्या रेघा, एकात एकही नाही.

आधी वाटलं की जाळीतली ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आकडे मात्र बरोबर होते. मग लक्षात आलं की तीच फेरी पुन्हा चालवली की चुका वेगळ्याच चित्रांत येतात. चूक जागा बदलत असेल, तर ती विदेत नसते, वेळेत असते.

डास्कने प्रत्येक नोडवर एकच प्रक्रिया चालू केली होती आणि तिच्या आत चार धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारे आणि एकच मेमरी वापरणारे कामाचे प्रवाह. मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट हा भाग मात्र 'सध्याचं चित्र कोणतं' हे एकाच ठिकाणी लक्षात ठेवतो. एका धाग्याने महाबळेश्वरची रेघ ओढायच्या क्षणी दुसऱ्याने सोलापूरचं चित्र 'सध्याचं' केलेलं असेल, तर रेघ तिकडे जाते. कुठेही चूक नोंदवली जात नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

दोन बदल केले. प्रत्येक नोडवर चार वेगळ्या प्रक्रिया आणि प्रत्येकीत एकच धागा. आणि पायप्लॉट पूर्ण सोडून दिलं. 'फिगर' हा वर्ग थेट वापरतो, त्याच्यावरच अक्ष, रेघा आणि शेवटी 'सेव्हफिग'. याने आणखी एक दुखणं गेलं. पायप्लॉट प्रत्येक चित्र बंद करेपर्यंत सांभाळून ठेवतो, वीसपेक्षा जास्त उघडी राहिली तर इशारा देतो, आणि तो इशारा मी लॉगमध्ये बघूनही सोडून दिला होता. चार जीबीचा नोड अर्ध्या तासात गुदमरायचा, तो यामुळेच. आता चित्राचं काम संपलं की मेमरी आपोआप मोकळी होते.

माझं स्पष्ट मत : ज्या कामात एकाहून जास्त चित्रं एकाच वेळी निघणार आहेत, तिथे पायप्लॉट नकोच. समोर बसून एक आलेख बघायला ते उत्तम आहे, तेवढ्यासाठीच ठेवा.

जूनअखेर

अक्षरांचा प्रश्न. यात आपल्या भाषेत काम करणाऱ्यांना कुठली तयार वाट मिळत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो.

प्रत्येक चौथ्या-पाचव्या चित्रात शीर्षकाच्या जागी चौकोन होते. लॉगमध्ये 'ग्लिफ २३५० सापडत नाही' असा इशारा. ग्लिफ म्हणजे फॉन्टमधला अक्षराचा आकार, आणि २३५० हा युनिकोडमधला 'म'चा क्रमांक. चौथ्या नोडवर देवनागरी फॉन्ट टाकायचाच राहिला होता. टाकला, तरी चौकोन तसेच! मॅटप्लॉटलिब फॉन्टांची यादी एकदा बनवून जपून ठेवतं. ती जुनी यादी पुसली आणि वर्कर पुन्हा चालू केले, तेव्हा अक्षरं आली.

आली, पण कशी? 'मिलिमीटर' हा शब्द घ्या. पहिली वेलांटी 'म'च्या आधी दिसायला हवी, ती 'म'च्या नंतर, 'ल'च्या डोक्यावर कललेली. 'महाबळेश्वर'मधला 'श्व' जोडाक्षर न होता 'श'चा पाय मोडून बाजूला 'व'. माझ्याकडच्या आवृत्तीत मॅटप्लॉटलिब एकामागून एक चिन्हं ठेवत जातं. देवनागरीत चिन्हांचा क्रम आणि रूप शेजारच्या अक्षरावर ठरतं, हे त्याला माहीत नाही. तो हिशेब हार्फबझसारखी लायब्ररी करते.

इंग्रजीत शीर्षकं देऊन मोकळं होता आलं असतं. पण हे आलेख मी गावाकडच्या माणसांना दाखवणार आहे. त्यांच्या गावाचं नाव मोडक्या अक्षरात दिसलेलं मला चालणार नाही.

पहिला उपाय : चित्र एसव्हीजीमध्ये (रेघा आणि मजकूर वर्णनाने साठवणारा फाईलप्रकार) काढायचं, मजकूर मजकूर म्हणूनच ठेवायचा, आणि मग वेगळ्या साधनाने त्याचं पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, करायचं. अक्षरं सुंदर आली. पण प्रत्येक चित्रासाठी नवी प्रक्रिया सुरू होत असल्याने वेग फारच घसरला.

दुसरा उपाय कायम केला. शीर्षक आणि अक्षांची नावं पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीने काढतो, त्यात राक्म ही अक्षरांच्या मांडणीची सोय चालू ठेवून. ती प्रत्येक नोडवर खरंच आहे का, हे आधी तपासून घ्या. नसेल तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येतं आणि वेलांट्या पुन्हा पळतात. बिंदूचं नाव १२३ वर्षं तेच राहतं, त्यामुळे ही पट्टी बिंदूमागे एकदाच काढायची आणि प्रत्येक चित्रावर चिकटवायची. वर्षाचे आकडे तेवढे मॅटप्लॉटलिब लिहितं, कारण आकड्यांना जोडाक्षरं नसतात. म्हणजे ५१,४१४ ऐवजी ४१८ पट्ट्या.

जुलैचा पहिला पंधरवडा

आता कामाचे तुकडे कसे पाडायचे. सुरुवातीला एक आलेख म्हणजे एक काम असं धरलं होतं आणि प्रत्येक काम एनएफएसवरून मोठ्या फाईली उघडत होतं. नोड वाट बघत बसलेले असायचे. आता लॅपटॉप एकदाच सगळी विदा वाचून बिंदूवार लावतो. एका बिंदूचे १२३ मोसम गुणिले १२२ दिवस, प्रत्येकी चार बाइट : ६०,०२४ बाइट. एवढीशी पुडी वर्करला पाठवायची. एक बिंदू म्हणजे एक काम. इथे लीप वर्ष सांभाळा. १ जून साध्या वर्षात १५२ वा दिवस असतो, लीप वर्षात १५३ वा.

वर्कर त्या बिंदूसाठी एकच चित्र उभं करतो आणि वर्षागणिक फक्त निळ्या रेघेचे आकडे बदलून जतन करतो. उभ्या अक्षाची कमाल मर्यादा १२३ वर्षांतल्या सर्वात ओल्या वर्षावरून ठरते आणि मग हलत नाही, त्यामुळे दोन वर्षं शेजारी ठेवली की डोळ्याला फसवत नाहीत. प्रत्येक वेळी नवं चित्र उभं करताना सगळी फेरी तासाभराच्या आसपास जायची. आता अर्ध्या तासाच्या आत संपते. तापमान ८० अंशांना टेकलं की रास्पबेरी पाय आपला वेग आपणच कमी करतो, म्हणून चौघांवर मिळून एक मोठा पंखा लावला आहे.

आणि मग ऐन फेरीत वीज गेली.

परत आल्यावर काही पीएनजी अर्धीच होती. नाव आहे, आकार शून्य नाही, उघडलं तर वरचा अर्धा आलेख आणि खाली करडा रंग. मी 'फाईल आहे तर पुढे चला' असं लिहिलं असल्याने ती कायमची तशीच राहिली असती. पूर्ण पीएनजीच्या शेवटी १२ बाइटचा 'आयएंड' नावाचा तुकडा असतो. तो नसलेल्या सगळ्या फाईली शोधून पुसल्या.

त्यानंतर जतन करायची पद्धतच बदलली. एका बिंदूची १२३ चित्रं वर्कर मेमरीतच तयार करतो, एका झिपमध्ये भरतो (पीएनजी आधीच दाबलेलं असतं, पुन्हा दाबण्यात वेळ घालवू नका), ती झिप सामायिक डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहितो, आणि पूर्ण लिहून झाल्यावरच तिला खरं नाव देतो. एकाच डिस्कवर नाव बदलणं हे एक तर पूर्ण होतं, नाही तर होतच नाही. त्यामुळे खरं नाव असलेली झिप म्हणजे पूर्ण काम, ही खात्री. वीज पुन्हा दोनदा गेली, फेरी राहिली होती तिथून पुढे सरकली. पन्नास हजार सुट्या फाईलींऐवजी ४१८ झिपा झाल्याने लॅपटॉपवर फोल्डर उघडणंही हलकं झालं.

१९ जुलै

पूर्ण संच तयार झाला. पहिला उघडला तो मुंबईजवळचा, १९ उत्तर, ७३ पूर्व, साल २००५. चुकतंय असं वाटलं, कारण उभी उडी २६ जुलैला नव्हती, २७ ला होती. मग आठवलं : पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि त्या आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेला लिहिला जातो. २६ ची ती दुपार आणि रात्र २७ च्या खान्यातच असणार. उडीची उंचीही सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरएवढी नाही. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा झाला नव्हता, आणि जाळीतला बिंदू भोवतालच्या केंद्रांवरून काढलेला असतो. ही गोष्ट आलेखाखाली एका ओळीत लिहायची ठरवली आहे. नाही तर वाचणारा एका बिंदूला एक पर्जन्यमापक समजेल.

संध्याकाळी आईला बोलावलं. तिचं माहेर बार्शीकडचं. तिच्या गावाजवळचा बिंदू काढून १९७२ चा आलेख उघडला. निळी रेघ राखाडीच्या खूप खाली, मधे मधे नुसती आडवी. तिने चष्मा लावला, बोट स्क्रीनवर ठेवलं आणि आडव्या रेघेवरून हळूहळू उजवीकडे नेलं. "हे सगळे दिवस कोरडे का रे?" मी हो म्हटलं. "सुकडी मिळायची शाळेत," एवढंच बोलली. मग म्हणाली, "आता याच्या आदल्या वर्षाचं दाखव. विहीर आधीच आटली होती आमची."

झिपमधून दुसरं वर्ष काढून शेजारी लावेपर्यंत ती थांबली. पुढच्या नोंदीपर्यंत एवढं करायचं आहे : एक बिंदू निवडला की लागोपाठची तीन वर्षं एकाच चित्रात, एकाच अक्षावर. पुड्या तयार आहेत, फेरी रविवारी लावतो.