बंद दाराआडच्या माणसाशी बोलताना

मे २०२० मध्ये केंद्राच्या नियमावलीत कोविडचं गृहविलगीकरण १७ दिवसांचं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ते ७ दिवसांवर आलं. खोलीत एकट्याने काढायला सात दिवसही पुष्कळ असतात.

आधी फोनचा मारा थांबवा. काका, मावशी, सोसायटीतले, ऑफिसातले, सगळे एकच विचारतात, "आता कसं वाटतंय?" घसा धरलेल्या माणसाला तेच उत्तर पंधरादा द्यायला लावू नये. घरातल्या एकानेच सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजनचा आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावा. बाकीच्यांनी व्हॉइस मेसेज पाठवावा. तो पडल्या पडल्या, हवा तेव्हा ऐकता येतो.

जेवण मात्र रोज व्हिडिओवर एकत्र करा. फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. घरातले दोन फोन एकाच कॉलवर असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कर्कश शिट्टी वाजते.

आरती सगळ्यांनी मिळून म्हणायला गेलात की हमखास फसते. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबतो आणि चाल रेंगाळत जाते. शिवाय टाळ-घंटेला ॲप गोंगाट समजून दाबतं, त्यात शब्दही जातात. एकाने टाळांशिवाय म्हणावी, इतरांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ द्यावी. शेवटी "मंगलमूर्ती मोरया"ला सगळ्यांचे माइक उघडा. तिथे गोंधळ झाला तरी छानच वाटतं.

न्यूयॉर्कला मुलगी असेल तर इथले रात्री साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे अकरा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग दहा. हे आजीला आधीच सांगा, नाहीतर ती बिचारी फोन हातात धरून बसते.

व्हिडिओवर नुसतं ऐकू नका, नीट बघा. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, तर गप्पा तिथेच थांबवून ऑक्सिमीटर लावायला सांगा. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून हात चोळून, दुसरं बोट लावून पुन्हा बघायचं. ९४ च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. आकडा बरा दिसला, पण धाप थांबली नाही, तरीही करा.