सपाट देशातला वारा

मावसभावाचा पुण्याहून मेसेज आला : "ताई, मे महिन्यात येतोय. एखादी ऑर्गनाइज्ड राइड बघून ठेव. तुमच्याकडे सगळं सपाटच आहे, तर सरळ दोनशे किलोमीटरचीच बघ."

त्याने पुण्यात 200 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, साडेतेरा तासांच्या मर्यादेत पूर्ण केल्या आहेत, त्याही घाटातून. अशा माणसाला सपाट रस्ता म्हणजे आराम वाटणारच. मलाही वाटला होता. मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, ही आमची रविवारची ठरलेली राइड. त्यामुळे नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी फ्रीसलंड प्रांतातल्या अकरा शहरांच्या सायकलफेरीत नाव नोंदवलं.

ही फेरी मनापासून आवडावी अशीच आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, सोमवारी, बोल्सवर्ट गावातून पहाटे निघायचं, प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि साधारण 235 किलोमीटर फिरून परत बोल्सवर्टला यायचं. शर्यत नसते. पंधरा हजार लोक असतात, त्यांत आजोबा-आजी, साध्या उभ्या हँडलच्या सायकलवाले, सगळेच. चढ म्हणाल तर कालव्यांवरचे पूल.

त्या दिवशी वारा नैऋत्येकडून होता, ताकद 5. इथे हवामानात वारा ब्युफोर्टच्या आकड्यात सांगतात, आणि 5 म्हणजे ताशी 29 ते 38 किलोमीटर. ईशान्य टोकाच्या डोक्कमकडे जाताना तो पाठीवर होता, मी गाणं म्हणत चालले होते. डोक्कमहून वळले आणि परतीची सगळी वाट त्याच्या तोंडावर. दोन्ही बाजूंना गवत, गाई, लांबवर एखाद्या चर्चचा मनोरा. तो मनोरा अर्धा तास तेवढाच दिसत राहिला.

घाटात असं होत नाही. यवतेश्वरला दम लागला तरी पुढचं वळण दिसतं, उभं राहून पेडल मारता येतं, माथा आला की उतार तुमचाच असतो. वाऱ्याला माथा नाही. पाय थांबले की सायकल थांबते. शिवाय तासन्‌तास एकाच बैठकीत वाकून बसावं लागतं, त्याने मान, तळहात आणि बूड मांड्यांच्याही आधी दुखायला लागतात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो वेग तुमचा आणि वाऱ्याचा मिळून. तुम्ही ताशी 20 ने चालला आहात आणि समोरून 30 चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा 50 ची. "जाताना गेलं ते येताना मिळेल" हा हिशोबही जुळत नाही. समजा शांत हवेत तुमचा वेग 25 आहे. 30 किलोमीटर जाऊन तेवढंच परत यायला 144 मिनिटं लागतात. समोरच्या वाऱ्यात 18 आणि पाठच्या वाऱ्यात 32 धरा : जायला 100 मिनिटं, यायला 56, एकूण 156. त्रासात वेळ जास्त जातो, सुखात कमी.

म्हणून राइडच्या माहितीपत्रकात दिलेली चढाईची उंची हा इथला अर्धाच हिशोब. वारा त्यात नसतो. मी आता नकाशा घेऊन बसते. रस्ता बांधावरून जातो, की समुद्र हटवून केलेल्या पोल्डरच्या उघड्या जमिनीतून, की झाडीतून? नेदरलँड्सच्या मध्यावरचं फेलूवे हे जंगल मला त्यासाठी आवडतं, वारा झाडं अडवतात आणि चढ सौम्य आहेत. दुसरं, फेरी कोणत्या दिशेने फिरते? वारा बहुतेकदा नैऋत्येचा असतो. सुरुवात नैऋत्येकडे आणि शेवट ईशान्येकडे असेल तर उत्तम. पाय ताजे असताना वारा सोसून घ्यावा.

आणि ऑर्गनाइज्ड राइडचा खरा फायदाही वाऱ्यातच कळतो. डोक्कमनंतर मी एकटीच झुंजत होते तेव्हा सहा जणांची एक रांग शेजारून गेली. शेवटच्या आजोबांनी हाताने खूण केली, ये मागे. चाकाला चाक लावून चालल्यावर, पुढच्यांनी वारा अडवल्याने, जो फरक पडला, तो मला आजही पायांत आठवतो. वारा कुशीतून आला की ही रांग तिरकी पसरते. तिला डच लोक पंखाच म्हणतात.

चढच हवे असतील तर दक्षिणेला लिम्बुर्ग आहे. फाल्सरबर्ख, जिथे जर्मनी आणि बेल्जियमची हद्द मिळते, 322 मीटर. आकडा साताऱ्याच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण तिथला त्रास उंचीचा नाही. फाल्केनबुर्खचा काउबर्ख जेमतेम सव्वा किलोमीटर, पण 12 टक्क्यांपर्यंत चढतो. क्योटेनबर्ख तर काही ठिकाणी 22 टक्के. 1966 पासूनची अ‍ॅमस्टेल गोल्ड रेस ही व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत याच टेकड्यांवर धावते. लय लागेपर्यंत चढ संपतो, अरुंद उतारावर ब्रेक, ट्रॅक्टरने टाकलेला चिखल, पुन्हा चढ. दिवसभर असे पंधरा-वीस. यवतेश्वरसारखं एका गिअरमध्ये जीव लावून बसता येत नाही.

तरी भावाला मी लिम्बुर्गच सांगितलं, शंभर किलोमीटरचं. तो एकटा येणार, रांगेत चालायची त्याला सवय नाही, आणि चढावर त्याला आपलं बळ किती हे नेमकं माहीत आहे. चढ कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे त्याला आदल्या रात्री बघून ठेवता येईल. फ्रीसलंड पुढच्या खेपेला.

पण त्याआधी एक दिवस मी त्याला झीलंडला नेणार आहे, ओस्टरस्खेल्डेच्या समुद्री बांधावर. इथेच समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते : साडेआठ किलोमीटर, बिनगिअरची सायकल, आणि वारा किमान 7 असला तरच. आम्हाला 5 पुरे. सामानात वाऱ्यासाठी विंडचीटर आणि चढासाठी जास्त दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चक्रांचा संच), दोन्ही आणायला सांगितलंय.